त्रेचाळीस नंबरचे डोळे

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. घरात मला लहानपणापासून ‘लवंगी’ म्हणतात, आणि हे नाव ठेवलं माझ्या सख्ख्या बहिणीने, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या ताईने. त्या ताईशी मी चौदा महिने बोलले नव्हते. एक अक्षर नाही. आणि त्या सोमवारी सकाळी, मी कामावर निघता निघता, तिच्या मुलाचा फोन आला.

“मावशी, आई रविवारी माझ्याकडे येतेय. कायमची. मी आलोय घर रिकामं करायला.”

“बरं,” मी म्हटलं.

“बरं काय मावशी! माझं गाव इथून बारा तासांवर आहे. मग तुम्ही दोघी भेटणार कधी?”

“तिला भेटायचं असेल तर तिला माझं घर माहीत आहे,” म्हणून मी फोन ठेवला आणि उजव्या पायात डावी चप्पल घातली. जिन्यात दोनदा अडखळले. राग होता, दुसरं काय! रडूबिडू काही आलं नव्हतं. डोळ्यांत कचरा गेला असेल.

मी मेंदूचे फोटो काढते. दवाखान्यात नव्हे, एका संशोधन संस्थेत, तळमजल्यावर. आमच्याकडे येणारी माणसं आजारी नसतात, हौसेने येतात. त्यांच्या केसांतल्या पिना, कमरेचा पट्टा, खिशातल्या किल्ल्या असं सगळं आधी काढून घ्यायचं, कारण आमचं मशीन म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. मग त्यांना फळीवर निजवून बोगद्यात सरकवायचं, हातात एक रबरी फुगा द्यायचा, घाबरलात तर दाबा म्हणायचं आणि काचेच्या अलीकडे येऊन बसायचं. अठरा वर्षं हेच करतेय. एका गृहस्थांनी आत शिरण्याआधी मला विचारलं होतं, “बाई, माझ्या मनातलं तुम्हाला सगळं दिसणार का हो?” मी म्हटलं, “काळजी करू नका, मला कुणाच्याच मनातलं कधी दिसत नाही.” तेव्हा तो विनोद होता.

आमचे सर वयाने माझ्याहून लहान, पण डोक्याने भारी. त्यांना शोधायचंय ते असं: दोन माणसं एकमेकांशी वागताना आपण बघतो, तेव्हा आपल्या मेंदूत काय चालतं? आणि त्या दोघांपैकी कुणाबद्दल आपल्याला राग-लोभ असेल, किंवा कुणाकडून आपलं काही काम असेल, तर ते बदलतं का? म्हणून आत निजलेल्या माणसाला चाळीस-चाळीस सेकंदांच्या क्लिप्स दाखवायच्या. क्लिपमध्ये दोन माणसं, आवाज नाही. डावं बटण ‘सहकार्य’, उजवं बटण ‘संघर्ष’. आम्ही आपसांत गट्टी आणि कट्टी म्हणतो. निम्म्या लोकांना नुसतं बघायला सांगायचं. उरलेल्यांना सांगायचं, यातला एकजण पुढच्या खेळात तुमचा जोडीदार असणार आहे, कोण ते तुम्ही ठरवा. बस्स, एवढ्यानेच त्यांचे मेंदू असे काही कामाला लागतात की विचारू नका. ‘तो भाग पेटतो’ असं मात्र सरांसमोर म्हणायची सोय नाही. “पेटायला ती काय शेगडी आहे?” म्हणून डाफरतात. शिवाय आत एक बारीकसा कॅमेरा असतो, तो माणसाच्या बुबुळावर नजर ठेवतो. कुठल्या क्षणी चित्रात कुठे बघितलं, सगळं टिपून घेतो.

आता या क्लिप्स आल्या कुठून? नट आणायला मंजुरी मिळाली नाही. म्हणून सर म्हणाले, आपणच करू. दोन वर्षांपूर्वी एका सुटीच्या दिवशी संस्थेतल्या सगळ्यांनी तोंडं रंगवायची तेवढी बाकी ठेवली होती. आमचा वायरमन तर आरशापुढून हलेना. एक बाई कमी पडली, तेव्हा मी ताईला बोलावून घेतलं. तेव्हा आमचं बरं होतं. क्लिप नंबर सतरा आम्हा दोघींची. सरांनी चिठ्ठी दिली: एक टेबल, एक खुर्ची, दोघी खुर्चीवरून भांडतात. ताईने चिठ्ठी वाचून सरांना विचारलं, “याची तालीम करावी लागेल असं तुम्हाला वाटतं का?”

आणि खरोखरच नाही लागली.

चौदा महिन्यांपूर्वीचं भांडण मात्र खरं होतं, ते सांगते. माझ्या गुडघ्याची गादी फाटली होती, ती शिवून घेतली. ताई माझ्याकडे आठ दिवस राहायला आली. आली ती वादळासारखी. दुसऱ्या दिवशी मी कुबडी टेकत स्वयंपाकघरात गेले, तर ते माझं स्वयंपाकघरच नव्हतं. वरच्या फळीवरचे डबे खाली, ताटं खाली, पीठ-साखर हाताशी, आणि वरच्या फळ्या बोडक्या. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले. पण माझा खरा जीव होता आईच्या स्टुलात. लाकडी स्टूल, एक पाय किंचित आखूड, कायम डुगडुगणारं. लहानपणी त्याच्यावर उभं राहून आम्ही दोघी हात धुवायचो, आणि पुढे आयुष्यभर मी त्याच्यावर चढूनच वरचे डबे काढत आले. “हे स्टूल एक दिवस तुझा दुसरा गुडघा खाणार,” ताई रोज म्हणायची. रोज! सकाळी चहाबरोबर एकदा आणि झोपताना एकदा.

सहाव्या दिवशी मी खिडकीपाशी बसले होते. तिसरा मजला, काच बंद. खाली बघते तर ताई स्टूल हातात घेऊन रस्त्यावर, आणि समोर एक हातगाडीवाला. गाडीवर मोडक्या खुर्च्या. ताई काहीतरी बोलली. त्याने स्टूल उलटं केलं, पायाला टिचकी मारली आणि हसला. ताईपण हसली. मग त्याने ते गाडीवर टाकलं आणि निघून गेला.

तिच्या त्या हसण्याने माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! ती वर आली, तिच्या पायांतल्या चपला निघायच्या आत मी सुरू केलं, “आईचं स्टूल भंगारात घातलंस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तू बघितलंस?”

“बघितलं. या डोळ्यांनी बघितलं!”

“मग झालं तर,” ती म्हणाली.

तिने कान धरून माझी माफी मागायला हवी होती, आणि ती म्हणते मग झालं तर! मी म्हटलं, घर माझं आहे, माझ्या घरात मुकादमगिरी नको, निघ. ती निघाली. आवाज चढवला नाही, काही नाही. जाण्याआधी माझी गोळ्यांची डबी आठवडाभराची भरून ठेवली, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. मला तर तोसुद्धा टोमणाच वाटला.

तर त्या सोमवारी मी अशी धुसफुसत कामावर पोचले आणि तिथे डोळ्यांवर नजर ठेवणारा तो कॅमेरा दुरुस्त होऊन आला होता. दुरुस्तीनंतर एकदा जिवंत माणूस आत घालून बघावं लागतं. मीच झोपते अशा वेळी. गुडघ्यात धातूबितू काही नाही माझ्या, शिवलेलंच आहे. आमच्याकडची पीएचडी करणारी मुलगी, तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो, ती काचेपलीकडे बसली आणि मी बोगद्यात. “नुसत्या बघू नका, बटणंपण दाबा,” ती म्हणाली. मी बघितल्या, बटणं दाबली. सतरा नंबर आला, ताईचं तोंड दिसलं, मी खाडकन कट्टी दाबलं. बाहेर आले, चहा प्यायले, विसरले.

एक चूक केली होती, ती तेव्हा लक्षात नाही आली. चाचणीसाठी शून्य-शून्य असा नंबर टाकायचा असतो. पण सकाळी आल्या आल्या पुढच्या माणसाचा नंबर कॉम्प्युटरवर भरून ठेवायचा ही माझी अठरा वर्षांची सवय. हात आपोआप चालतो. त्याआधी बेचाळीस जण झाले होते. मी झाले त्रेचाळीस.

शुक्रवारी सकाळी बैठक होती. सर, चष्मेवाली, वायरमन, मी आणि आणखी चार-पाच जण. परवा रविवार, हे माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं, त्यामुळे माझं लक्ष निम्मंच होतं. सर सुरुवातीपासून वैतागलेले.

“सतरा नंबरची क्लिप आपल्याला टाकून द्यावी लागणार,” ते म्हणाले. “आपण सांगितलं भांडा. या दोघी भांडल्यापण. हातवारे आहेत, डोळे वटारलेत, सगळं आहे. आणि त्रेचाळीसपैकी चौतीस जणांनी गट्टी दाबलंय! का?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझा अभिनय वाईट असेल.”

“अभिनय नाही, हे बघा.” सरांनी पडद्यावर क्लिपमधलं एक चित्र थांबवलं आणि त्यावर सगळ्यांच्या नजरांचे ठिपके टाकले. एकेका माणसाचा एकेक लाल ठिपका. “कुणी थोडं आधी, कुणी थोडं नंतर, पण गट्टी म्हणणारे सगळेजण सातव्या सेकंदानंतर इथे येऊन थांबतात.” चित्रात एका जागी ठिपक्यांचा नुसता गुच्छ झाला होता, आणि तो आमच्या दोघींच्या तोंडांवर नव्हता. खाली कुठेतरी होता. काय आहे तिथे, ते ठिपक्यांखाली दिसतच नव्हतं.

“आणि आता गंमत बघा,” सर खुशीत आले. “हा आमचा त्रेचाळीस नंबर. याने पाचव्या सेकंदाला कट्टी दाबून टाकलं! चाळीस सेकंदांची क्लिप, पाचव्या सेकंदाला निकाल. आणि उरलेला सगळा वेळ ही व्यक्ती कुठे बघतेय?”

एकच ठिपका. माझ्या तोंडावर. म्हणजे पडद्यावरच्या माझ्या तोंडावर. सरांनी क्लिप सरकवली, तोंड हललं, ठिपका हलला. तोंड डावीकडे, ठिपका डावीकडे. पाठलाग सोडेना.

“मोठ्या बाईंकडे या व्यक्तीने बघितलं सुरुवातीला फक्त एक सेकंद. त्यानंतर एकदाही नाही! मेंदूचं मी काही बोलणार नाही, एका माणसाच्या मेंदूवरून बोलू नये. पण नजर स्पष्ट आहे. आधी ठरवलं, मग जे ठरवलं तेवढंच बघितलं. आता याची दोनच कारणं असू शकतात. एक तर या व्यक्तीचा मोठ्या बाईंवर कसलातरी राग आहे. किंवा मग,” सर हसले, “ही व्यक्ती धाकट्या बाईंच्या आकंठ प्रेमात आहे.”

एकच हशा पिकला. सगळ्यांच्या माना वायरमनकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघता!” तो बिचारा उठूनच उभा राहिला. “क्लिपमध्ये काम केलेल्याला आत झोपता येत नाही. मी नियमानेच बाद आहे!”

चष्मेवाली मात्र हसत नव्हती. तिने चष्मा काढला होता आणि मान खाली घालून इतका पुसत होती, इतका पुसत होती, की काच झिजली असती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! सोमवार. कॅमेरा. शून्य-शून्य.

गप्प बसावं असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू? नंबरामागचं नाव कुणी विचारू शकत नाही, तसा नियमच आहे, आणि नावांची वही माझ्याच कपाटात. पण अठरा वर्षांत मी एकही खोटा फोटो सरांच्या हातात दिला नव्हता.

“सर, त्रेचाळीस नंबर काढून टाका,” मी म्हटलं. “ती मी आहे. कॅमेऱ्याच्या चाचणीला झोपले होते, नंबर चुकीचा पडला. आणि मी स्वतःच्या प्रेमात वगैरे नाही.”

कुणाला हसावं की नाही कळेना. वायरमन तेवढा “हुश्श” म्हणाला.

“म्हणजे मग पहिलं कारण,” सर म्हणाले आणि जीभ चावली. “माफ करा बाई. तसं एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो.”

“तुम्ही नका काढू. मी काढते. ते ठिपके पुसा आणि क्लिप पहिल्यापासून लावा.”

त्यांनी लावली. मी सगळ्यांसमोर खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसले आणि माझ्या स्वतःच्या तोंडावरून नजर काढली. सोपं नव्हतं हो ते! आपलं तोंड दिसलं की माणूस तिकडेच बघतो, आपण बिचारे कसे दिसतो ते बघायला. पण काढली. आणि ठिपक्यांचा गुच्छ होता तिथे बघत बसले.

मी तणतणत खुर्चीवर बसते. ती खुर्ची संस्थेची जुनी, मागचा पाय ढिला. मी बसले तशी ती कलली. आणि ताईचा डावा हात पटकन पुढे येतो आणि खुर्चीची पाठ धरतो. उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर नाचतंय, तोंडाचा पट्टा सुरू आहे, डोळे वटारलेले आहेत, आणि डावा हात खुर्ची धरून बसलाय. बोटं पांढरी पडलीत इतकं घट्ट. मी रागाने मागे रेलते, हात मागे जातो. मी पुढे वाकते, हात पुढे येतो. तेहतीस सेकंद. एकदाही सुटत नाही. मी तिला ऐकवतेय, टेबलावर हात आपटतेय, आणि मला पत्ताच नाही की मला कुणीतरी धरलंय.

मुक्या चित्रात चौतीस परक्या माणसांना ते दिसलं. मला, सख्ख्या बहिणीला, दिसलं नाही. मी उठले आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज न लिहिताच निघाले. सर मागून म्हणाले, “बाई, क्लिप टाकून नाही देत मी.” त्यांना काय वाटलं कोण जाणे.

बसमध्ये पूर्ण रस्ताभर ती खिडकी डोळ्यांपुढे येत होती. तिसरा मजला, बंद काच, आवाज नाही. क्लिपच होती की ती! आणि तिथेही मी काय बघितलं? ताईचं हसणं. तेवढंच. त्या गाडीवाल्याने स्टूल उलटं करून पायाला टिचकी मारली होती, ते मला आठवत होतं, पण मी त्याचा विचार कधी केलाच नव्हता. भंगारवाला कशाला टिचकी मारेल? तो वजन बघेल आणि टाकेल. पाचव्या सेकंदाला बटण दाबून मोकळी झाले होते मी, आणि चौदा महिने तेच धरून बसले होते.

ताईचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत भाचा खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होता. ती पट्टी ओढली की असा कर्रकर्र आवाज व्हायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं आणि त्याने नुसतं आत बोट दाखवलं.

ताई आतल्या खोलीत पडदे काढत होती. पाठमोरी, हात वर, पडद्याच्या दांडीशी झटापट चाललेली. आणि ती उभी होती स्टुलावर. आईच्या स्टुलावर. तीन पाय काळपट, जुने, आणि चौथा नवा, गोरापान.

मी जाऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

तिने खाली बघितलं. मग म्हणाली, “आलीस? वाट चुकलीस की काय, लवंगे?”

“तो गाडीवाला कोण होता?”

“कोण असणार! सुतार. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे त्याचं. मला म्हणाला, हा पाय चाळीस वर्षं असाच चालला म्हणजे यावर बसणारेच सरळ नसणार. हसू आलं मला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? तू तर बघितलं होतंस ना. या डोळ्यांनी!” आता तिचं बोट नाचायला लागलं. “घरातून जा म्हणालीस मला! त्याच्याकडून स्टूल घेऊन दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत आले आणि परत गेले. राग काय तुला एकटीलाच येतो? मी फक्त आवाज करत नाही. चौदा महिने झाले! फोन करता येत नाही? हात मोडला होता का? गुडघा शिवला होता ना, हात तर नव्हता!”

बरंच काही बोलली. मी पण बोलले, गप्प बसणारी नाहीच मी. मोठ्याने बोलले. भाचा पट्टी हातात घेऊन दारात आला आणि म्हणाला, “अगं, भांडू नका गं दोघी!” त्याला काय कळतंय.

“बरं, हे तुझं स्टूल घेऊन जा जाताना,” ताई शेवटी म्हणाली. “आता डुगडुगत नाही.”

“मला काय करायचंय? वरच्या फळीवर माझं काही नसतंच.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू जे खाली ठेवलंस ते खालीच आहे.”

ती पडदा हातात घेऊन तशीच उभी राहिली. “चौदा महिने? एक डबासुद्धा परत वर नाही ठेवलास?”

“नाही.”

तिने पडद्याच्या टोकाने डोळे पुसले. धुळकट पडदा, मी ओरडणार होते, पण नाही ओरडले. माझे दोन्ही हात अडकलेले होते, मला माझे पुसायची सोयच नव्हती.

“सोड आता,” ताई म्हणाली. “मला खाली उतरू दे.”

“उतर की,” मी म्हटलं. “मी धरलंय.”